पोटाचा ताण मोजणारे सर्जन निवडू की हातावर भरवसा ठेवणारे?

वाचकाचा प्रश्न

एका ताईंचं सविस्तर पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते. वय पन्नाशीच्या पुढे. काही वर्षांपूर्वी आतड्याच्या आजारासाठी बेंबीच्या वर-खाली उभा छेद घेऊन मोठं ऑपरेशन झालं. पुढे त्या व्रणाच्या जागी फुगवटा दिसू लागला आणि हळूहळू वाढत गेला. आता सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये पोटाच्या भिंतीतली फट साडेसात सेंटिमीटर रुंद असल्याचं लिहून आलंय. ऑपरेशन करायचं हे नक्की, पण कुणाकडे यावरून घरात दोन तट आहेत. पहिले सर्जन म्हणाले, ‘ऑपरेशन चालू असताना दोन्ही कडा मध्यावर आणायला किती जोर लागतो ते मी उपकरणाने मोजतो. जोर फार लागला तर आतला एक स्नायू सोडवावा लागेल. ते पोट उघडल्यावरच ठरेल.’ दुसरे, वयाने ज्येष्ठ, म्हणाले, ‘हाताला कळतं, त्याला यंत्र लागत नाही. जाळी बसवू, काळजी करू नका.’ यजमानांचं मत, जे मोजतात तेच चांगले. ताईंना भीती वेगळीच आहे. त्या लिहितात, ‘मी भुलीत असताना एका आकड्यावरून माझा स्नायू कापणार, आणि मला विचारणारही नाहीत?’ शेवटी दोन प्रश्न आहेत. ताण अजिबात राहणार नाही असं ऑपरेशन मिळत असेल तर तेच का करू नये? आणि, ‘पहिल्या ऑपरेशननंतर मी लवकर कामाला लागले, वाकले, सामान उचललं. हा हर्निया मीच ओढवून घेतला का?’

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. तो मनात ठेवून तुम्ही पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पोटाच्या मधोमध छेद घेतलेल्या दर शंभर माणसांमागे दहा ते वीस जणांना पुढे त्या जागी हर्निया होतो. त्यात विश्रांती घेणारे असतात आणि न घेणारेही असतात. निरोगी माणसांच्या पोटातला दाब वेगवेगळ्या हालचाली करताना मोजून पाहिलेला आहे. नुसतं उभं राहिलं की तो पाऱ्याच्या साधारण २० मिलिमीटरपर्यंत जातो. खोकताना तो १०० च्या पुढे उसळतो. कमरेत वाकताना किंवा हातात थोडं वजन घेताना मात्र तो तेवढा वाढत नाही. म्हणजे आपण ज्या वाकण्या-उचलण्याला दोष देतो, त्याहून कितीतरी जास्त धक्का खोकल्याच्या एका उबळीने बसतो, आणि खोकला काही कुणी ठरवून काढत नाही.

आणखी एक जुनं निरीक्षण सांगते, ते मला फार बोलकं वाटतं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात पोट शिवताना भिंतीच्या दोन्ही कडांना धातूच्या बारीक क्लिपा लावल्या आणि नंतर एक्स-रे काढून त्या एकमेकींपासून किती लांब गेल्या ते पाहिलं. ज्यांच्या क्लिपांमध्ये महिन्याभरातच १२ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर पडलं होतं, त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढे हर्निया झाला. वरून कातडी नीट भरून आलेली, पेशंट चालता-फिरता, आणि आत शिवण केव्हाच उसवायला लागलेली. फुगवटा मात्र दिसतो पुष्कळ उशिरा, आणि तो दिसला त्या आठवड्यात आपण काय उचललं होतं तेवढंच माणूस आठवत बसतो. ती शिवण का उसवते याला टाके कसे घातले, जखमेत जंतू गेले का, साखर किती होती, तंबाखू होती का, खोकला होता का, अशी बरीच कारणं आहेत. तुमची चूक शोधायची गरज मला दिसत नाही.

आता ताणाकडे वळते. ताण म्हणजे काय ते स्पष्ट झालं तर दोन्ही सर्जनांचं म्हणणं तुम्हाला वेगळ्या नजरेने ऐकता येईल.

पोटाच्या पुढच्या बाजूला बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात, त्यांना रेक्टस म्हणतात. त्यांच्या मधोमध पांढऱ्या, चिवट तंतूंची एक रेघ असते. दोन्ही कुशींना एकावर एक असे तीन सपाट स्नायू असतात, आणि ते या मधल्या रेघेला सतत आपापल्या बाजूला ओढत असतात. रेघ शाबूत असेपर्यंत दोन्हीकडची ओढ एकमेकींना तोलून धरते. रेघ फाटली की तोल जातो आणि कुशीचे स्नायू आखडत जातात, म्हणून हर्निया जितका जुना आणि रुंद, तितक्या त्याच्या कडा मध्यावर आणणं जड जातं. शिवाय पोट फुगलेलं असेल तर भिंतीवरची ओढ आणखी वाढते, कारण आतला दाब तोच राहिला तरी पोटाचा घेर वाढला की भिंतीवर येणारा ताणही वाढतो.

अशा कडा जबरदस्तीने जवळ आणून शिवल्या तर काय होतं, हे तंग कपड्याच्या शिवणीवरून समजेल. दोरा सहसा तुटत नाही. सुई जिथून गेली ती भोकं लांबट होत जातात आणि कापडच दोऱ्यावर चिरत जातं. पोटातही तसंच होतं. टाका जिथल्या तिथे मजबूत असतो, गाठ सुटलेली नसते, पण त्याच्या विळख्यातल्या भागाला रक्त कमी मिळतं, तो भाग मऊ पडतो आणि टाका त्यातून चिरत बाहेर सरकतो.

म्हणून ‘ताण अजिबात नको’ असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. ताणरहित हा शब्द हर्नियाच्या ऑपरेशनांत रूढ केला तो लॉस एंजेलिसचे सर्जन लिक्टेन्स्टाइन यांनी, १९८० च्या दशकात, आणि तो जांघेतल्या हर्नियासाठी होता. तिथली फट लहान असते. कडा ओढून शिवण्याऐवजी वरून जाळी, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं जाळीदार कापड, अंथरली की काम भागतं, आणि त्या पद्धतीने जांघेतले हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण खरोखर खाली आलं. तोच शब्द पुढे पोटाच्या मधल्या हर्नियालाही सर्रास लावला जाऊ लागला. तिथे मला त्याच्याबद्दल सावध करावंसं वाटतं. पोटाच्या मध्यावर कडा लांबच ठेवून मधे नुसती जाळीची झोळी बांधली तर शिवणीवर ताण येत नाही हे खरं, पण जाळी आकुंचन पावत नाही. तुम्ही उठून बसाल तेव्हा बाजूचे स्नायू आवळतील आणि मधली जागा तशीच पुढे येईल. अशा झोळीवजा दुरुस्तीनंतर हर्निया परतण्याचं प्रमाणही जास्त असतं. उभ्या स्नायूंना काम करायचं तर दोन्ही बाजूंची ओढ मध्यावर एकमेकींना भेटायलाच हवी. थोडा ताण शरीराला लागतो. सर्जनचं कौशल्य आहे ते मांस चिरणार नाही इतपतच तो ठेवण्यात.

जाळी लागणार का, याचं उत्तर मात्र तुमच्या बाबतीत सरळ आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात अशाच, पण तुमच्यापेक्षा लहान हर्नियांची दुरुस्ती काहींत नुसत्या टाक्यांनी आणि काहींत जाळी घालून केली होती. तीन वर्षांत टाक्यांच्या गटातल्या ४३ टक्के लोकांना हर्निया परत आला, जाळीच्या गटातल्या २४ टक्के लोकांना. दहा वर्षांनी हेच आकडे ६३ आणि ३२ झाले होते. जाळीने फरक पडतो, पण नुसती जाळी घातली म्हणजे निश्चिंत झालो असंही नाही. जाळी कुठल्या थरात बसवली, कडा मिटल्या का आणि मिटताना किती ओढाव्या लागल्या, यावर पुढचं बरंच ठरतं. तुमच्या दुसऱ्या सर्जनांचं ‘जाळी बसवू, काळजी करू नका’ हे वाक्य मला म्हणूनच अपुरं वाटतं. चुकीचं नाही, अपुरं.

आता त्या उपकरणाबद्दल. ते ऐकायला जितकं मोठं वाटतं तितकं नसतं. भूल पूर्ण चढलेली असते, स्नायू औषधाने शिथिल केलेले असतात. सर्जन एका बाजूच्या कडेला, स्नायूवरच्या पांढऱ्या चिवट पडद्याला, चिमटा लावतात. त्या चिमट्याला निर्जंतुक केलेला ताणमापक अडकवतात. वजन करायच्या स्प्रिंगच्या काट्याचंच तत्त्व, फक्त जास्त अचूक. मग ती कड हळूहळू मध्यरेषेपर्यंत ओढायची आणि काटा किती जोर दाखवतो ते वाचायचं. मग दुसरी बाजू. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे येतीलच असं नाही. आधी एका बाजूला स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, असेल, किंवा पूर्वीचा संसर्ग एका बाजूला जास्त असेल, तर तिकडचा आकडा चढा येतो. काही थर सोडवल्यावर पुन्हा मोजायचं. थर मोकळे होतात तसा काटा खाली येताना दिसतो, आणि केलेल्या कामाचा उपयोग किती झाला ते तिथल्या तिथे कळतं. या सगळ्याला थोडी मिनिटं जातात, पेशंटला त्यापासून वेगळा त्रास होत नाही.

यजमानांना पटलंय ते हेच असणार, आणि त्यांचं पूर्ण चूक नाही. बोटांना ‘जरा जड जातंय’ असं जे कळतं ते दुसऱ्याला सांगता येत नाही, लिहून ठेवता येत नाही, पुढच्या पेशंटशी ताडून पाहता येत नाही. दिवसातलं पहिलं ऑपरेशन आणि थकलेल्या हातांनी केलेलं शेवटचं, यांत ‘जरा जड’चा अर्थ बदलू शकतो. आकडा नोंदवला जातो. काही वर्षांनी शंभर पेशंटांचे आकडे आणि त्यांचं पुढे काय झालं हे शेजारी मांडलं तरच या विद्येत भर पडेल. ताण मोजणाऱ्या सर्जनांबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी.

पण त्या आकड्याच्या मर्यादाही तुम्हाला माहीत हव्यात, त्याशिवाय तुमची निवड डोळस होणार नाही. पहिली आणि सर्वांत मोठी: अमुक इतक्या जोरापर्यंत निर्धास्त शिवावं आणि त्यापुढे शिवू नये, अशी सर्वमान्य रेषा आजतरी आखलेली नाही. सर्जन आपापल्या अनुभवाने आणि आपल्याच नोंदींवरून ठरवतात. दुसरी, तो आकडा शिथिल केलेल्या, निजलेल्या शरीराचा असतो. जागं झाल्यावर, खोकताना, कॉटवरून उठताना त्याच शिवणीवर वेगळाच भार येतो. तिसरी, कड कशी ओढली यावर तो बदलतो. झटकन ओढली तर जास्त, हळू ओढून थोडा वेळ धरून ठेवली तर मांस सैलावतं आणि काटा आपोआप उतरतो. दरवेळी एकाच रीतीने मोजलं तरच त्या आकड्याला अर्थ. आणि तो बहुधा फटीच्या सर्वांत रुंद जागी घेतलेला असतो, बरगडीजवळची किंवा खालची ओढ त्यात येत नाही.

म्हणून चांगले सर्जन एकट्या ताणमापकावर थांबत नाहीत. पोट मिटत आणताना भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटरवरचा श्वासाचा दाब पाहत असतात. कडा जवळ आणल्या आणि तो दाब एकदम चढला, तर फुप्फुसांना खाली जागा उरलेली नाही असा त्याचा अर्थ. लघवीच्या नळीतून मूत्राशयातला दाब मोजून पोटातल्या दाबाचाही अंदाज घेता येतो. माणूस आडवा पडलेला असताना तो एरवी पाऱ्याच्या ५ ते ७ मिलिमीटर असतो, १२ च्या वर तो जास्त समजतात, आणि २० च्या वर टिकून राहून एखादा अवयव थकू लागला तर ती तातडीची गंभीर अवस्था असते. मोठ्या हर्नियात शिवण टिकण्याइतकीच ही काळजी महत्त्वाची असते. तुमचा हर्निया त्या टोकाचा नाही, पण तुमच्यासारखं पत्र लिहिणाऱ्या काहींचा असतो, म्हणून लिहिते.

आता तुमची भीती. ‘एका आकड्यावरून स्नायू कापणार’ हे वाक्य वाचून मलाही क्षणभर दचकायला झालं, कारण ऐकताना त्यात काहीतरी गमावल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय करतात? कुशीच्या तीन थरांपैकी एक, बहुधा सर्वांत आतला आडवा स्नायू, रेक्टसच्या मागच्या बाजूने त्याच्या कडेपाशी मोकळा करतात. तो काढून टाकत नाहीत. त्याची मधल्या बाजूची पकड सोडवतात, त्यामुळे बाकीची भिंत मध्याकडे सरकते आणि मागे जाळीला प्रशस्त जागा होते. २०१२ पासून ही पद्धत बरीच रुळली आहे. त्याआधी १९९० मध्ये रामिरेझ या सर्जननी बाहेरचा थर सोडवायची पद्धत मांडली होती. तिच्यात कमरेच्या पातळीवर एकेक बाजू १० सेंटिमीटरपर्यंत पुढे आणता येते असं त्यांनी दाखवलं, पण त्यासाठी कातडी बरीच सुटी करावी लागायची आणि जखमेच्या तक्रारी जास्त व्हायच्या. नीट केलेल्या सोडवणुकीनंतर माणूस लुळा पडत नाही. मध्यरेषा परत जुळल्यामुळे उभे स्नायू पुन्हा कामाला लागतात आणि कालांतराने भरतातही.

‘नीट केलेल्या’ हे शब्द मात्र मी मुद्दाम लिहिले. रेक्टसच्या बाहेरच्या कडेलाच स्नायूंना जाणाऱ्या नसा असतात. सोडवणूक चुकीच्या जागी झाली तर त्या नसा दुखावतात, किंवा ती कडच तुटते आणि बाजूला नवा हर्निया तयार होतो. तो दुरुस्त करणं मूळ हर्नियापेक्षा कठीण असतं. त्यामुळे हे काम गरज असेल तरच करावं आणि ज्याचा हात त्यावर बसलेला आहे त्यानेच करावं. ताण मोजण्याचा तुमच्यासाठी खरा फायदा मला इथे दिसतो. तुम्हाला वाटतं, मोजलं म्हणून स्नायू कापतील. मला वाटतं, मोजलं म्हणून कदाचित तो वाचेल. आधीच्या थरांच्या सोडवणुकीनेच काटा पुरेसा उतरला, तर पुढे जायचं कारण उरत नाही.

‘ते पोट उघडल्यावरच ठरेल’ हे पहिल्या सर्जनांचं वाक्यही मी अर्धंच मान्य करते. पुष्कळसं आधी ठरवता येतं. तुमच्या सीटी स्कॅनवर दोन्ही रेक्टसची रुंदी मोजून घ्या. रिपोर्टमध्ये ती बहुधा नसते, सर्जन पडद्यावर मोजू शकतात. दोन्हींची बेरीज करून तिला फटीच्या रुंदीने भागायचं. कार्बोनेल या अमेरिकन सर्जनच्या नावाने हा हिशोब ओळखला जातो. उत्तर दोनपेक्षा जास्त आलं तर बहुतेकांत जास्तीची सोडवणूक न करता कडा मिटतात. ते जसजसं कमी, तसतशी सोडवणुकीची शक्यता वाढत जाते. तुमची फट साडेसातची आहे. समजा दोन्ही स्नायू साडेसहा-साडेसहा सेंटिमीटरचे निघाले, तर बेरीज तेरा आणि उत्तर दोनच्या किंचित खाली. म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात, आणि उंबरठ्यावरच्या पेशंटमध्येच ऑपरेशनच्या वेळच्या मोजमापाला सर्वांत जास्त किंमत असते. फट तीन सेंटिमीटरची असती तर या सगळ्या चर्चेची गरजच नव्हती.

मग कुणाकडे जायचं? ‘मोजणारे चांगले, न मोजणारे मागासलेले’ ही वाटणी मला पटत नाही. उपकरण विकत घेता येतं. त्याचा आकडा पाहून काय करायचं याचा विचार विकत मिळत नाही. ज्येष्ठ सर्जनांकडे कदाचित हे उपकरण नसेल, पण सोडवणुकीची शेकडो ऑपरेशनं केल्याचा हात असेल. पहिल्यांकडे उपकरण असेल आणि हात नवा असेल, किंवा याच्या नेमकं उलटही असू शकेल. ते बाहेरून दिसत नाही, विचारूनच कळतं. म्हणून दोघांनाही एकदा पुन्हा भेटा, यजमानांना बरोबर न्या आणि दोघांना तेच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न असा विचारा: ‘डॉक्टर, कडा सहज जुळल्या नाहीत तर तुम्ही काय काय कराल, क्रमाने सांगाल का?’ या एका प्रश्नात पुष्कळ काही उघड होतं. क्रम सांगता आला, शेवटी ‘एवढं करूनही नाहीच जुळल्या तर अमुक करून थांबेन’ इथपर्यंत उत्तर आलं, तर समजा त्यांनी ताणाचा विचार केलेला आहे, मग तो उपकरणाने मोजोत वा बोटांनी. ‘तशी वेळच येत नाही’ असं उत्तर आलं तर मी तिथे ऑपरेशन करून घेणार नाही. दुसरं, आडव्या स्नायूची सोडवणूक ते स्वतः करतात का, नियमित करतात का, आणि ऐनवेळी लागली तर टेबलाशी कोण असेल. तिसरं, जाळी कुठल्या थरात बसवणार. रेक्टसच्या मागे, आतड्यांपासून वेगळी राहील अशी जागा आज बरेच सर्जन पसंत करतात. आणि मोजणाऱ्यांना आवर्जून विचारा की आजवरच्या आकड्यांचं त्यांनी काय केलं, ते लिहून ठेवतात का, आणि कुठला आकडा पाहून त्यांनी बेत बदलला असं एखादं उदाहरण सांगतील का. मोजून बेत कधीच बदलत नसेल तर ते मोजमाप तुमच्या उपयोगाचं नाही.

संमतीबद्दल तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो सोडू नका. भुलीत असताना तुम्हाला विचारता येणार नाही, पण आधी विचारता येतं. संमतीपत्रकावर सही करण्यापूर्वी ‘जर-तर’ लिहून मागा: कडा जुळल्या तर एवढंच, ताण जास्त असेल तर एका बाजूची किंवा दोन्ही बाजूंची सोडवणूक, तरीही न जुळल्यास काय. तुम्हाला एखादी पायरी अजिबात नको असेल तर तेही त्यात लिहायला सांगा आणि ती टाळली तर परिणाम काय होईल ते ऐकून घ्या. मला विचाराल तर सोडवणूक सरसकट नाकारू नका. गरज असताना ती टाळून कडा ओढून बांधल्या तर पहिल्याच ऑपरेशनची गत व्हायची. ‘लागलीच तर करा, आणि का लागली ते मला नंतर सांगा’ अशी संमती मला जास्त शहाणपणाची वाटते.

आणखी एक पर्याय पत्रात आलेला नाही, तो म्हणजे ताण ऑपरेशनच्या आधीच कमी करणं. मोठ्या हर्नियात काही सर्जन ऑपरेशनच्या चार-सहा आठवडे आधी कुशीच्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात. ते स्नायू काही काळ ढिले पडतात, लांब होतात आणि कडा मध्यावर यायला मदत होते. फारच मोठ्या हर्नियात पोटात दिवसेंदिवस थोडी थोडी हवा भरून जागा वाढवायची जुनी पद्धतही आहे. अर्जेंटिनाच्या गोन्यी मोरेनो यांनी ती १९४० च्या दशकात सुरू केली. अलीकडे जर्मनीत ऑपरेशन चालू असतानाच कडा वरच्या दिशेने अर्धा तास ओढून धरण्याचं साधन निघालंय. साडेसात सेंटिमीटरला हे सगळं लागेलच असं नाही, पण इंजेक्शनांबद्दल विचारायला हरकत नाही.

तुमच्या हातात असलेलं काम यापेक्षा साधं आहे आणि माझ्या मते कुठल्याही ताणमापकाइतकंच मोलाचं. पोटाचा घेर कमी झाला तर भिंतीवरचा ताण कमी होतो, म्हणून दोन-तीन महिने मिळत असतील तर वजन थोडं उतरवा. घरात कुणी तंबाखू किंवा सिगारेट घेत असेल आणि त्यात तुम्ही असाल, तर ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद. साखर आटोक्यात आणा. जुना खोकला, दमा किंवा बद्धकोष्ठ असेल तर त्यावर आधी उपचार घ्या, कारण नव्या शिवणीला पहिल्या महिन्यातच सर्वांत जास्त सांभाळावं लागतं. ऑपरेशननंतर खोकला आलाच तर पोटावर उशी दाबून धरा. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा. पट्टा बांधल्याने बरं वाटत असेल तर जरूर बांधा, पण पट्टा आहे म्हणून जास्त उचलू नका. पोट काही आठवडे आवळल्यासारखं वाटेल. त्याला घाबरू नका, मध्यरेषा जुळल्याची ती खूण असते. श्वास लागला, पोट फुगून कडक झालं किंवा लघवी कमी झाली तर मात्र लगेच कळवा.

या चौकशीत आठवडे गेले तर चालतील. एवढंच पाहा की वाट पाहत असताना फुगवटा अचानक कडक झाला, झोपूनही आत जाईना, सारखा दुखू लागला, वरची कातडी लाल झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर कोण मोजतं नि कोण नाही हा वाद बाजूला ठेवून जवळच्या रुग्णालयात त्याच दिवशी जायचं.

ऑपरेशन झाल्यावर घरी जाताना डिस्चार्जच्या कागदासोबत ऑपरेशनच्या नोंदीची प्रतही मागून घ्या. फट किती निघाली, कडा पूर्ण मिटल्या का, जाळी कुठल्या प्रकारची, केवढी आणि कोणत्या थरात, स्नायू सोडवला का आणि कुठल्या बाजूचा, आणि ताण मोजला असेल तर सोडवणुकीच्या आधीचे व नंतरचे आकडे, हे सगळं त्यात लिहिलेलं असू द्या. पुढे कधीही, कुठल्याही कारणासाठी तुमचं पोट उघडायची वेळ आली तर त्या सर्जनला पहिल्यांदा तोच कागद लागेल.